कातळावरची अल्ट्रामॅरेथॉन: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अधिक अंतराच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आणि ती डांबरी रस्त्याऐवजी पायवाटा, कातळ व डोंगरउतार यांवरून जात असेल, तर तिला ट्रेल अल्ट्रामॅरेथॉन असे नाव आहे. या व्याख्येत अंतर आधी येत असल्यामुळे शर्यतीची अवघडता किलोमीटरांतच मोजावी, असा समज रूढ झाला आहे आणि पुढचे बहुतेक गैरसमज त्यातूनच निघाले आहेत. प्रत्यक्षात या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटना दर १०० मीटर चढाईमागे एक किलोमीटर अंतरात मिळवून श्रमाचा हिशेब मांडते. माँ ब्लाँ पर्वताभोवती २००३पासून भरणारी, सुमारे १७० किलोमीटरांची आणि १०,००० मीटर चढाईची शर्यत या हिशेबाने २७० किलोमीटरांची ठरते; आणि तरीही पायाखालचा दगड या आकड्यात धरलेला नसतोच.

जबलपूरमध्ये हा दगड शहराच्या मधोमध आहे. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या असून, हा खडक झिजताना त्याचे गोलसर धोंडे सुटे होतात आणि त्यातील खनिजकणांची जाडसर बजरी उघड्या कातळावर पसरते. येथील ‘बॅलन्सिंग रॉक’ २२ मे १९९७च्या भूकंपातही जागचा हलला नाही, याचे कौतुक सर्वांना आहे. परंतु धावणाऱ्याला धोका असतो तो अशा अजस्र धोंड्यांचा नव्हे, तर कोरड्या कातळावर पसरलेल्या या बोटभरही जाड नसलेल्या बजरीचा. खोल दातांचा बूट सर्वत्र पकड देतो, ही समजूत येथे चुकीची ठरते, कारण ते दात चिखलासाठी असतात; उघड्या कातळावर त्यांचा दगडाशी स्पर्श कमी होतो आणि पकड मुख्यतः तळाच्या रबराच्या मऊपणावर अवलंबून राहते. टेकड्या लहान असल्यामुळे येथे डोंगरी शर्यतीची तयारी होऊ शकत नाही, हेही खरे नाही, कारण ८० मीटरांचा चढ दहा वेळा चढला की ८०० मीटर चढाई होते आणि, जे अधिक मोलाचे आहे, तितकाच उतारही पायांखालून जातो. सिंहगड-राजगड-तोरणा या मार्गावरील अल्ट्रा शर्यतीसाठी जाणाऱ्याला मात्र सह्याद्रीच्या बेसॉल्टवरील घसारा, म्हणजे उतारावर साचलेली सुटी खडी, वेगळी शिकावी लागते.

चढावर चालणे म्हणजे हार मानणे, हा समज रस्त्यावरील शर्यतींतून आलेला आहे. तीव्र चढावर त्याच गतीने उंची गाठायची असेल, तर धावण्यापेक्षा चालण्याला कमी ऊर्जा लागते, आणि म्हणूनच जगातील अग्रगण्य डोंगरी धावपटूही हात मांड्यांवर टेकवून, आखडती पावले टाकत चढ चालून काढतात.

याहून घातक समज असा, की चढ थकवतो आणि उतार विश्रांती देतो. उतरताना श्वास लागत नाही, हे खरे. पण त्या वेळी मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू एकाच वेळी ताणलेही जातात आणि शरीराचा भार रोखण्यासाठी आवळलेही जातात. ताणले जात असताना होणाऱ्या या आकुंचनात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, तिची वेदना एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते, आणि लांब शर्यतीत तर ताकद आधीच घटून शेवटच्या टप्प्यात साधी पायरी उतरणेही कठीण होते. दिलासा असा, की बेताने केलेल्या उताराच्या एका सरावानंतरही स्नायू पुढच्या वेळी कमी दुखावतात आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून केवळ चढाईचा सराव करून रिक्षाने खाली येणाऱ्याची तयारी अर्धीच राहते. उतारावर लांब ढांगा टाकून टाचेने वेग रोखण्याऐवजी आखूड, जलद पावले टाकणे आणि नजर दोन-तीन पावले पुढे ठेवणे श्रेयस्कर असते.

जबलपूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जात असल्यामुळे, पाणी जितके अधिक प्यावे तितके बरे, हा उपदेश येथे सर्वांनाच पटतो. घामाने गमावलेले पाणी भरून काढलेच पाहिजे; परंतु गरजेपेक्षा अधिक पाणी घेतल्यास रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली उतरू शकते. या अवस्थेला हायपोनॅट्रेमिया म्हणतात आणि ती तीव्र झाल्यास मेंदूला सूज येऊन मृत्यूही ओढवतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत सुमारे १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले होते. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपण ही लक्षणे उष्माघातातही दिसत असल्यामुळे, अशा धावपटूला आणखी पाणी पाजण्याची चूक सहज घडते. तहानेनुसार पिणे हाच सामान्यतः सुरक्षित नियम आहे. मिठाची गोळी घेतली म्हणजे हवे तितके पाणी चालते, असे नाही, कारण मूळ दोष अतिरिक्त पाण्याचा असतो. वेदना दडपण्यासाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊन धावणे तर टाळावेच, कारण परिश्रमाने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर तिचा अधिक बोजा पडतो.

गुडघे झिजतात, ही भीती सरसकट खरी नाही. २०१७मधील एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावपटूंमध्ये गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आढळले. मात्र स्पर्धात्मक धावपटूंमध्ये ते १३.३ टक्के होते, त्यामुळे हा दिलासा अल्ट्रा धावणाऱ्यांनी सरळ स्वतःकडे ओढून घेऊ नये.

उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांना थंडीचा धोका परका वाटतो, आणि पाठीवरील सामान हलके करताना पहिली कात्री जाकिटावर चालते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील खडकाळ प्रदेशात भरलेल्या १०० किलोमीटरांच्या शर्यतीत अचानक पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला आणि २१ धावपटूंचा मृत्यू झाला. त्या शर्यतीत वारारोधक जाकीट अनिवार्य साहित्यात नव्हते. घामाने भिजलेले, थकलेले आणि त्यामुळे स्वतः उष्णता निर्माण करण्याचा वेग मंदावलेले शरीर वाऱ्यात फार लवकर गारठते. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी नर्मदेकाठच्या टेकड्यांवर सराव करणाऱ्याच्या पाठपिशवीतही म्हणूनच वारा अडवणारे एक जाकीट, डोक्याला बांधायचा दिवा, शिट्टी आणि पूर्ण चार्ज केलेला फोन असलाच पाहिजे.