पाहिलेले हातात कसे उतरते?

ज्या घरात ज्वारीची भाकरी होते, त्या घरातले मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत भाकरी थापताना आईला हजारो वेळा पाहते. तरी पहिल्यांदा परातीपुढे बसले की कडा फाटतात, भाकरी तळाला चिकटते आणि उचलू गेल्यास अर्धी हातात, अर्धी परातीत अशी गत होते. माझी झालीच होती. एवढे पाहूनही हाताला काहीच कसे आले नाही, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पहिली गोष्ट अशी की, आपण पाहतो ते बहुधा चुकीच्या जागी पाहतो. डोळा हलणाऱ्या वस्तूमागे धावतो. थापणारा तळहात हलतो, त्याचा आवाज येतो, म्हणून सारे कसब तेथेच आहे असे वाटते. वास्तविक भाकरीचे भवितव्य त्याआधीच ठरलेले असते. गव्हाच्या कणकेला जोडून ठेवणारा चिकटपणा ज्वारीत नाही; म्हणून गरम पाणी घालून, तळहाताच्या मुळाशी जोर देऊन पीठ रगडावे लागते. आणि ती परातीत गरगर फिरते, ती खाली भुरभुरलेल्या कोरड्या पिठाच्या जोरावर. ही दोन्ही कामे इतकी मुकाट्याने होतात की पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाहीत.

बरे, शिकवणाऱ्याला विचारावे, तर तोही सांगू शकतोच असे नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सायकलचे उदाहरण घेतले आहे. सायकलस्वार उजवीकडे कलू लागला की हँडल उजवीकडेच वळवतो आणि त्यामुळे सावरतो. हा नियम रोज पाळणाऱ्यांपैकी किती जणांना तो सांगता येईल? आपणच घरी जाऊन आठवून पाहावे. हाताला ठाऊक असलेले पुष्कळसे तोंडाला ठाऊक नसते. म्हणूनच सुताराचा पोरगा वर्षानुवर्षे बापाच्या शेजारी बसतो.

येथे माणसाच्या मुलाची एक मजेदार खोड कामी येते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीतून खाऊ काढून दाखवायचा. पण तो काढताना काठीने दोन-चार निरुपयोगी क्रियाही करायच्या. पेटी पारदर्शक असली, की त्या क्रियांचा उपयोग नाही हे उघड दिसे. चिंपांझींनी अशा वेळी त्या बहुतांशी गाळल्या आणि सरळ खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र त्या जशाच्या तशा केल्या! माकडाचे अनुकरण म्हणून आपण हसतो, पण खरा नकलाकार माणूसच. यात मूर्खपणा आहे असे मला वाटत नाही. ज्या क्रियेचे कारण आज कळत नाही, तिचे कारण असू शकते, एवढा विश्वास मूल मोठ्यांवर टाकते. पीठ इतका वेळ रगडणेही पाहणाऱ्याला निरर्थकच वाटते.

लंडनमध्ये बॅले नर्तक आणि ब्राझीलमधील कपोएरा खेळणारे यांना दोन्ही प्रकारांची दृश्ये दाखवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. हाही अभ्यास २००५ सालचाच. ज्याला जो प्रकार अंगाने येत होता, तो पाहताना त्याच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक जागा होई. म्हणजे पाहण्याने करणे सुधारते हे जितके खरे, तितकेच करण्याने पाहणे सुधारते हेही खरे. दोन भाकऱ्या मोडल्यानंतर आईच्या हाताकडे पाहावे. कालपर्यंत न दिसलेले दिसू लागते.

आणि नुसतेच पाहत राहिले तर? शिकागो विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१८ साली याचे उत्तर दिले, आणि ते आजच्या घराघराला लागू आहे. भांडी न हलवता टेबलावरची चादर ओढण्याचा खेळ लोकांना चित्रफितीत दाखवला; काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असा विश्वास अधिक वाटला. बाण फेकून निशाण साधण्याच्या खेळात तर प्रत्यक्ष नेमही तपासला. विश्वास वाढला होता, नेम मात्र होता तेथेच होता.

आज मोबाइलवर भाकरीपासून मल्लखांबापर्यंत सारे पाहायला मिळते, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्याला तो मोठाच आधार आहे. पण ती चित्रफीत आपल्याला काय करायचे ते दाखवते. आपण काय करतो आहोत ते तिला दिसत नाही. माझ्या फाटलेल्या कडांकडे पाहून मावशी एवढेच म्हणाली होती, “थापतोस बरा. पीठ मळलंच नाहीस.” तिने तो गोळा मोडला, पाण्याचा हबका मारला आणि परात पुन्हा माझ्याकडे सरकवली.