छातीतील चमक : बरगडीची की हृदयाची?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. पण शेतकरी धडधाकट असेल तरच उसाचे टनेज. हंगामात शिवारात फिरताना छातीत चमक भरल्याची तक्रार आम्हांस वरचेवर ऐकू येते, म्हणून आज हा विषय.

गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाने दिवसभर मोळ्या ट्रॉलीत भरल्या. दुसऱ्या दिवशी डाव्या छातीत कळा येऊ लागल्या. घर घाबरले. तपासणीत हृदय ठणठणीत निघाले. दुखत होती बरगडी. दुसऱ्या एकाने मात्र "उसण भरली असेल" म्हणून रात्रभर तेल चोळून घेतले. सकाळी दवाखान्यात कळले, तो हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण मोलाचे तास वाया गेले.

बरगडीचे हे दुखणे म्हणजे काय? आपल्या छातीत बरगड्यांच्या 12 जोड्या असतात. वरच्या 7 जोड्या पुढच्या बाजूस छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. कूर्चा म्हणजे नाकाच्या शेंड्यासारखे मऊ, लवचिक हाड. ती लवते म्हणूनच श्वास घेताना छाती फुलते. जड ओझे, हिसका, मार किंवा फार दिवसांचा खोकला यांमुळे या कूर्चेचा दाह होतो. कधी काहीच कारण सापडत नाही. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी दुखते.

याच्या खुणा अशा : बोटाने दाबले की नेमकी तीच कळ उठते. खोल श्वास घेताना, खोकताना, कूस वळताना दुखणे वाढते.

पण एवढ्यावरून आपणच निदान करू नये. उसाची पाने पिवळी पडली तर लोह कमी पडले की हुमणी लागली, हे बांधावर उभे राहून सांगता येत नाही. मुळी उकरून बघावीच लागते. तसेच हे आहे. दाबल्यावर दुखले म्हणजे हृदय शाबूत, असे नव्हे. पस्तिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा विडी-तंबाखू असणाऱ्यांनी हृदयाचा आलेख, म्हणजे ई.सी.जी. काढून घ्यावाच.

हृदय ठीक आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मग घाबरण्याचे कारण नाही. ओझे उचलणे, पाठीवरचा फवारणी पंप, कुदळकाम काही दिवस बंद ठेवावे. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट शेक घ्यावा. खोकला असेल तर त्यावर औषध घ्यावे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती बाधते. जोराने चोळू नये. दुखणे बहुधा काही आठवड्यांत जाते. क्वचित काही महिने रेंगाळते. ताप आला, किंवा दुखऱ्या जागी सूज वा लाली दिसली, तर पुन्हा दाखवावे.

मात्र छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, चक्कर, यांपैकी काहीही दिसले तर पाळी, तोड, वाहन सारे बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. तोडणी एक दिवस लांबली तर उसाचे थोडे वजन घटेल. माणूस गेला तर तो कोणत्याही हप्त्यात परत मिळत नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग