नव्या घराचा मिळकतकर : बिल येण्याआधीचे काम
(घर घेतल्यानंतर : लेखांक ५)

मागच्या लेखांकात दस्तनोंदणी आणि मुद्रांक शुल्क पाहिले. तो खर्च एकदाच होतो. मिळकतकर मात्र घर नावावर असेपर्यंत भरायचा असतो, आणि त्याची पहिली नोंद चुकली तर ती चूक वर्षानुवर्षे बिलात उतरत राहते.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. नवी इमारत झाली की महापालिकेचा करआकारणी विभाग प्रत्येक सदनिकेचे क्षेत्रफळ आणि वापर नोंदवतो. त्या भागासाठी ठरलेला चौरस फुटाचा मासिक भाडेदर क्षेत्रफळाला लावला की घराचे अपेक्षित भाडे निघते. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले असो वा नसो, हिशेब या भाड्यावरच चालतो. समजा, घर ६०० चौरस फुटांचे आहे आणि दर २ रुपये आहे. महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० रुपये झाले. त्यातून दुरुस्ती-देखभालीचे १० टक्के वजा केले की १२,९६० रुपये उरतात. ही झाली वार्षिक करपात्र रक्कम. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षकर, शिक्षण कर असे बिलातले बरेचसे रकाने याच रकमेच्या टक्केवारीने भरतात.

मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात ४० टक्के सवलत आहे. वरच्या हिशेबात करपात्र रक्कम १२,९६० वरून ७,७७६ रुपयांवर येते. ही सवलत १९७० पासूनची. राज्य सरकारने मध्यंतरी ती बंद केली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू केली. पण १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना ती आपोआप मिळत नाही. मालकाला पीटी-३ अर्ज भरून, स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून द्यावा लागतो. नव्या मालकाला हे कोणी आवर्जून सांगत नाही, आणि पूर्ण दराचे बिल तो मुकाट्याने भरत राहतो. ज्या सवलतीवर हजारो कुटुंबांचा हक्क आहे, तिची माहिती पहिल्या बिलासोबतच ठळकपणे द्यायला हवी.

मुंबईतली पद्धत वेगळी. तिथे १ एप्रिल २०१० पासून कर भांडवली मूल्यावर बसतो. रेडी रेकनरच्या दराला चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय असे गुणक लागतात. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या चटई क्षेत्राच्या निवासी घरांना २०२२ पासून करमाफी आहे.

पहिले बिल पुष्कळदा मोठे दिसते, त्याचे कारण साधे आहे. आकारणी घर वापरायोग्य झाल्यापासून धरली जाते. नोंद व्हायला वेळ लागला तर मागची थकलेली रक्कम एकदम येते.

म्हणून बिल आल्यावर आकडा बघून हबकण्याआधी चार रकाने करारनाम्याशी ताडून पाहावेत : क्षेत्रफळ, वापर, आकारणीची तारीख आणि नाव. निवासी घर ‘बिगरनिवासी’ म्हणून चढले असेल तर फरक मोठा पडतो. क्षेत्रफळात जिन्याचा किंवा गच्चीचा भाग मिसळला आहे का, हेही विचारावे. खरी संधी मात्र बिलाच्याही आधीची असते. महापालिका आकारणीची नोटीस काढते आणि तिच्यात हरकत घ्यायची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत, करारनाम्याची प्रत आणि भोगवटा प्रमाणपत्र देऊन सुनावणी मागता येते. हरकत दिल्याची पोच जपून ठेवावी. मुदत टळल्यावर त्याच मागणीसाठी दहा हेलपाटे घालावे लागतात.

नाव बदलण्याचे कामही नव्या मालकाचेच आहे. दस्त नोंदल्यापासून तीन महिन्यांत हस्तांतराची सूचना महापालिकेला द्यायची असते. अनेक घरांचे बिल वर्षानुवर्षे बिल्डरच्या नावाने येते. मिळकतकराचा बोजा मिळकतीवरच असतो. त्यामुळे आधीच्या मालकाची थकबाकी नव्याच्या दारात येते आणि तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते. ताबा घेण्याआधी बिल्डरकडून किंवा विकणाऱ्याकडून कर भरल्याची शेवटची पावती मागून घ्यावी. एक गोष्ट लक्षात ठेवावी : कराच्या दप्तरात नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. मालकीचा पुरावा नोंदणीकृत दस्तच.

पुढील लेखांकात सोसायटीचे मासिक शुल्क आणि सिंकिंग फंड.