ओल्या चित्रावरील हात

छायाचित्राला आपल्याकडे फार लवकर दस्तऐवजाची प्रतिष्ठा लाभली. पारपत्र, परीक्षेचे प्रवेशपत्र, मतदाराचे ओळखपत्र अशा कागदांवर ते साक्षीदार म्हणून चिकटविले जाऊ लागले, आणि त्यामुळे त्यावर हात चालविणे म्हणजे अस्सल कागदावर खाडाखोड करणे, अशी एक समजूत सर्वत्र रूढ झाली. इतिहास मात्र या समजुतीस अनुकूल नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची जी संस्था स्थापन झाली, जिच्यात भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान सभासद होते, त्याच संस्थेच्या वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींचे दोन चित्रखंड १८६३ व १८६६ या साली प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली असून त्यांच्या मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला आहे. जेथे ती माणसे कधी उभी राहिली नाहीत, तेथे ती कायमची उभी आहेत. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे व्रण पुसणे, सुरकुत्या मवाळ करणे, छापलेल्या चित्रावर रंग चढवून लुगड्याचे काठ उजळणे, ही कारागिरी नित्याची झाली. या साऱ्या हस्तक्षेपाचा हेतू एकच असे: हाताची खूण उरू नये.

तत्काळ छायाचित्राने हा व्यवहार उलटा केला. १९४३ साली एडविन लँड या अमेरिकन संशोधकाला त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने, काढलेले चित्र लगेच का पाहता येत नाही, असे विचारले. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी त्याने न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर आपली रीत दाखविली, आणि पुढच्या वर्षाअखेरीस त्याच्या पोलरॉइड कंपनीचा पहिला तत्काळ कॅमेरा विक्रीस आला. या चित्राची नेहमीच्या अर्थाने निगेटिव्ह सहसा उरत नसे, म्हणून तिच्यावरून दुसरी प्रत छापण्याची सोयही नसे. जे हाती आले तेच अस्सल. त्यावर जे घडेल ते परत घेता येत नाही, आणि माझ्या मते या माध्यमातील कलेचे सारे सत्त्व या अटीत साठलेले आहे.

१९७२ साली आलेल्या ‘एसएक्स-७०’ या कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये चित्र दोन प्लास्टिक पत्र्यांच्या मध्ये बंदिस्त असे. कॅमेऱ्यातून बाहेर पडताना दोन पोलादी रुळांच्या दाबाने कडेची पिशवी फुटे, तीव्र अल्कधर्मी लेप आत पसरे, आणि पिवळा, किरमिजी व निळसर हे तीन रंग, प्रकाशाने जेथे अडविले नसतील तेथून, वरच्या थराकडे चढू लागत. चित्र काही मिनिटांत दिसू लागले, तरी आतील जिलेटीन पुढे कितीतरी वेळ मऊच राही. पारदर्शक पृष्ठावरून विणकामाच्या सुईचे बोथट टोक, लाकडी काडी किंवा चमच्याचा दांडा दाबून फिरविला की खालचा रंग सरके, रेषा वाहती होई, क्वचित पाठीमागचा पांढरा थर उघडा पडे. पृष्ठभाग मात्र अभंग.

ग्रीसमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कवासी कलावंत ल्यूकस समारास याने १९७३ ते १९७६ या काळात आपल्याच देहाची चित्रे आपल्याच घरात टिपली आणि ती ओली असतानाच इतकी घुसळली की चेहरा, हात, भिंत यांच्या सीमा वितळून गेल्या. ही चित्रे अस्वस्थ करतात, आणि तीच त्यांची थोरवी आहे. नुसत्या सौंदर्यवर्धनासाठी केलेल्या दाबकामात ती आढळत नाही. १९८० साली गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर याच रीतीने अर्धा चेहरा वितळलेला छापला गेला. पुढील ‘६००’ जातीच्या फिल्मचा थर असा दबेना, आणि जुनी मऊ फिल्म निघणे बंद झाल्यावर ही कला जवळजवळ निराधार झाली.

सोलून काढावयाच्या फिल्मवर दुसरी एक रीत चाले. मुदतीपूर्वीच दोन कागद विलग करून, अर्धवट उतरलेल्या रंगाची बाजू ओलसर जलरंगाच्या कागदावर टाकावयाची आणि रुळाने दाबावयाची. उरलेला रंग त्या कागदात शिरे, पण कडा तुटक आणि छटा फिकट येत. फुजी कंपनीने या प्रकारची आपली शेवटची फिल्म २०१६ साली बंद केली.

आज हाताशी असलेली सर्वांत सुलभ रीत म्हणजे थर उतरविण्याची. पोलरॉइडची फिल्म नेदरलँड्समधील एन्शेडे येथील जुन्याच कारखान्यात पुन्हा निघू लागली आहे. तिची चौकट कापावी, पाठीमागचा काळा पत्रा हलकेच सोलावा, आणि चित्र चिकटलेला पारदर्शक पत्रा ऊन पाण्यात ठेवावा. पांढरा लेप मऊ कुंचल्याने धुऊन काढला की चित्राचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून पाण्यावर तरंगतो. लेप दाहक असतो, म्हणून हातमोजे आवश्यक.

यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात या कामाचा पहिला हुकूम ऋतूचा असतो. ही फिल्म साधारण १३ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात नीट उमलते. त्याहून अधिक उष्णतेत तिच्यावर तांबूस-पिवळी झाक येते आणि थंडीत ती निळसर-हिरवट, निस्तेज होते. विदर्भाच्या वैशाखात, जेथे पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेथे भर दुपारी टिपलेले चित्र रंगाचा तोल सांभाळील ही अपेक्षाच व्यर्थ. दिवाळीनंतरच्या सकाळी मात्र आपोआप अनुकूल. तरीही एखाद्याने मुद्दाम चैत्रात चित्र काढून त्या तांबूस झाकेला चित्राचाच भाग मानले, तर मी त्यास दोष म्हणणार नाही. उन्हाचीही तेथे सही झालेली असते.

उतरविलेला थर कागदावर, काचेवर, लाकडावर किंवा कापडावर बसविता येतो. येथील औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना असल्याने त्या कापडाचा मोह कोणासही व्हावा. पण इतक्या नाजूक थराला त्याची जाड वीण मानवेल असे मला वाटत नाही. तलम सुती कापड बरे, हातकागद त्याहून बरा. थर पसरताना त्यावर घड्या पडतात. काही जण त्या कुंचल्याने शेवटपर्यंत सपाट करतात. मी म्हणेन, चेहऱ्यावरची तेवढी घडी मोकळी करावी आणि कडेच्या तशाच राहू द्याव्यात, म्हणजे पाहणाऱ्यास हे चित्र पाण्यातून उचलून बसविलेले आहे याची रुजुवात तेथल्या तेथे करता येते.