नावानिशी उभी झाडं

खारघरला आमच्या सोसायटीत मध्यंतरी एक झाड पाडलं. कसलं होतं, ते ना पाडणाऱ्याला सांगता आलं, ना पाडू देणाऱ्यांना. ‘असंच उगवलेलं असेल,’ म्हणून विषय मिटला. काही आठवड्यांनी एका रविवारी नातवाला पेंग्विन दाखवायला भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेलं. डोक्यात मात्र ते झाडच घोळत होतं.

कारण ही बाग मुळात झाडांची. तिची पूर्वपीठिका शिवडीला, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत. त्या काळात टपालखात्यातल्या जॉन ग्रॅहमने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली. १८३९ मध्ये ती छापून होण्याआधीच तो गेला. उरलेलं काम जोसेफ निमोने पुरं केलं. त्या सूचीत ग्रॅहमने एका झाडाला निमोचं नाव दिलं होतं. तो आपला नरक्या. कर्करोगावरच्या काही औषधांचं मूळ द्रव्य, कॅम्प्टोथेसिन, पुढे त्यात सापडलं. टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र आज खारघरलाच आहे, म्हणून हा धागा मला जवळचा वाटतो.

शिवडीच्या जागेवर पुढे दफनभूमी झाली. भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियरच्या हस्ते खुली झाली. तिच्या उभारणीत डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जीव ओतला. सोमाली किनाऱ्यावरून आलेल्या धुपाच्या झाडांच्या फांद्या बर्डवुडने इथे रुजवल्या, अभ्यासल्या. एका जातीला गव्हर्नर फ्रियरचं नाव दिलं, दुसरीला भाऊ दाजींचं. फ्रियरचं टिकलं, भाऊंची जात पुढच्या शास्त्रज्ञांनी आणखी एका जातीत मिळवून टाकली.

१८७३ मध्ये बाग पालिकेकडे आली. मग प्राणी आले आणि लोकांच्या तोंडी ती जनावरांची बाग झाली.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा भव्य आराखडा निघाला, तेव्हा काही मुंबईकर बायकाच झाडांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनी कागदपत्रं धुंडाळली, लोकांना बागेत फिरवून ‘ही उर्वशी, हा कैलासपती’ अशी ओळख करून दिली. तो आराखडा बारगळला. २०१६ मध्ये पेंग्विन आले, पण झाडं राहिली.

पेंग्विन बघून झाल्यावर नातू कैलासपतीपाशी थबकला. फुलं फांदीवर नाहीत, थेट खोडावर. आत पिंडीसारखा गाभा, वर नागाचा फणा. ‘‘आजोबा, याचं नाव?’’ सांगितलं. रे रोडला गाडी पकडेपर्यंत तो ते घोकत होता.

घरी आल्यावर त्याला सोसायटीतल्या त्या पाडलेल्या झाडाच्या खुंटाकडे नेलं. धुमारे फुटले होते. एक पान चुरडून नाकाशी धरलं, तर उग्र, नकोसा वास. वावळ! नातवाने नाक मुरडलं आणि विचारलं, ‘‘आता हे सोसायटीच्या काकांना सांगायचं?’’