एका शब्दाचा माग

जालन्याहून बीडकडे निघालं की अंबड, वडीगोद्री, शहागड अशी गावं मागे टाकत गोदावरी लागते. पुलाअलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. थोडं पुढे गेलं की गेवराई. आठवडी बाजार, कापसाच्या गाड्या, एसटी स्टँड असलेलं मराठवाड्यातलं चारचौघांसारखं गाव. २६/११च्या कटातला एक सूत्रधार, जबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल, इथला.

२००८च्या नोव्हेंबरमधल्या त्या रात्री मुंबईत दहा हल्लेखोर आणि पाकिस्तानातून त्यांना सूचना देणारे यांच्यातली फोनवरची बोलणी आपल्या यंत्रणा ऐकत होत्या. त्यातल्या एकाच्या तोंडी ‘प्रशासन’ हा शब्द आला आणि तपास करणाऱ्यांचे कान टवकारले. लाहोर-कराचीकडचा माणूस ‘इंतजामिया’ म्हणेल, ‘हुकूमत’ म्हणेल. ‘प्रशासन’ हा आपल्या तहसील कचेरीतला, वर्तमानपत्रातला शब्द. बोलणारा इकडचा होता.

तो जुंदाल निघाला, आणि त्याचं नाव पोलिसांना नवं नव्हतं. मे २००६मध्ये एटीएसने चांदवड-मनमाड रस्त्यावर ३० किलो आरडीएक्स आणि दहा एके-४७ पकडल्या, तेव्हा दुसऱ्या गाडीतून तो निसटला आणि बांगलादेशमार्गे पाकिस्तानात पोहोचला. २०१२मध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताच्या हवाली केलं, तेव्हा त्याच्याकडे पाकिस्तानी पासपोर्ट होता. तो भारतीय असल्याचं सिद्ध करायला घरच्यांच्या डीएनएचा पुरावा कामी आला.

आयटीआयमध्ये शिकलेला पोरगा तिथवर पोहोचला कसा? शस्त्रसाठ्याच्या खटल्यात विशेष न्यायालयाने जुलै २०१६मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, आठ जणांना सोडलं. जुंदालसह सात जणांना जन्मठेप झाली. २००२च्या गुजरात दंगलीचा बदला हा कटामागचा हेतू असल्याचं न्यायालयाने म्हटलं. पण दंगलीच्या बातम्यांनी पेटलेले हजारो होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी बंदूक हाती घेतली नाही. रागाला दिशा देणारा विचार लागतो, आणि तो विचार अमलात आणायला पैसा, प्रशिक्षण आणि आसरा लागतो.

त्या विचाराचा एक धागाही आपल्याच भागात येतो. मौलाना अबुल आला मौदूदी १९०३मध्ये औरंगाबादेत जन्मले. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं आणि १९८१पर्यंत राहिलं. सार्वभौमत्व फक्त ईश्वराचं, म्हणून राज्यही त्याच्याच कायद्याचं, हा त्यांचा सिद्धांत. १९४१मध्ये त्यांनी जमाते इस्लामी स्थापन केली. तिचा मार्ग पक्षबांधणीचा आणि निवडणुकीचा होता. इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब यांनी तुरुंगात हाच विचार अधिक कडवा केला. १९६६मध्ये त्यांना फाशी झाली. पुढे सोव्हिएत फौजांविरुद्धच्या अफगाण युद्धात अमेरिकेचा आणि सौदीचा पैसा आयएसआयच्या हातून लढवय्यांपर्यंत गेला आणि या विचाराच्या हाती शस्त्र आलं. २६/११ घडवणारी लष्कर-ए-तोयबा ही संघटना त्याच काळाची पैदास. गेवराईतला राग तिच्या हाती लागला.

देशांनी यावर काय केलं? ९/११नंतर अमेरिका अफगाणिस्तानात वीस वर्षं लढली. २०२१मध्ये काबूल पुन्हा तालिबानकडे गेलं. ग्वांतानामोत सुमारे ७८० जणांना कोंडलं, त्यांतल्या फार थोड्यांवर खटले चालले. सौदीने कैद्यांच्या समुपदेशनाची केंद्रं काढली. आपण एनआयए उभारली, यूएपीए कडक केला, मुंबईत एनएसजीचं केंद्र आणि फोर्स वन आणली. मात्र २६/११च्या दहा हल्लेखोरांपैकी कसाबला जिवंत पकडण्याचं श्रेय जातं ते गिरगाव चौपाटीवर लाठीनिशी त्याची बंदूक धरून ठेवणाऱ्या पोलीस तुकाराम ओंबळे यांना. कसाबला वकील मिळाला, अपील मिळालं, मग फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. समाजानेही आपलं उत्तर दिलं: मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानाच्या विश्वस्तांनी मेलेल्या नऊ हल्लेखोरांना जागा नाकारली.

प्रत्येक वेळी नेम इतका अचूक बसला नाही. २७ ऑगस्ट २००४ला, शुक्रवारी, जालन्याच्या कादरिया मशिदीत बॉम्ब फुटला, माणसं जखमी झाली. पकडलेले आरोपी पुढे निर्दोष सुटले. जबाबदार कोण, हे जखमींना काही कळलं नाही. ८ सप्टेंबर २००६ला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात कबरस्तानाशी स्फोट झाले. मेलेले मुस्लिम आणि पकडलेले नऊ तरुणही मुस्लिम. भरतीवाल्यांना याहून चांगला माल कुठला मिळणार? ‘तुम्हाला इथे न्याय नाही’ एवढं एक वाक्य त्यांना पुरतं.

म्हणून दहशतवादाला राष्ट्राचं खरं उत्तर म्हणजे नेमका माणूस, नेमका पुरावा. गेवराईच्या एका माणसाचा माग काढायला फोनवरचा एक शब्द उपयोगी पडला. मालेगावच्या त्या तरुणांना आरोपमुक्त करायला मात्र २०१६ उजाडलं. तोवर त्यांच्यातला एक जण हयातही नव्हता.