खोल समुद्रातील सूक्ष्मजीवांची विविधता : मोजणीच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना :
सागराच्या २०० मीटरपेक्षा अधिक खोलीच्या भागास सर्वसाधारणपणे 'खोल समुद्र' असे संबोधले जाते. येथे प्रकाशसंश्लेषणास पुरेल इतका सूर्यप्रकाश पोहोचत नाही, दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो आणि तळालगतचे तापमान बहुतांश ठिकाणी ४ अंश सेल्सिअसच्या खाली असते. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने इ.स. १८४३ मध्ये एजियन समुद्रातील निरीक्षणांवरून सुमारे ३०० वाव, म्हणजे ५५० मीटर खोलीखाली जीवसृष्टी नसावी, असे अनुमान मांडले. 'चॅलेंजर' मोहिमेने (१८७२-७६) ते निकालात काढले. परंतु हाती असलेल्या साधनाला जे गवसत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याची प्रवृत्ती सूक्ष्मजीवांच्या बाबतीत दीर्घकाळ टिकून राहिली. प्रस्तुत लेखात तिचा परामर्श घेतला आहे.

बशीवरील मोजणी :
प्रात्यक्षिकात आपण विद्यार्थ्यांना अगारच्या बशीवर नमुना पसरून वसाहती मोजण्यास शिकवतो. समुद्रजलाचा तोच नमुना रंजकद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दिसणाऱ्या पेशींपैकी सामान्यतः एक टक्क्याहूनही कमी पेशी बशीवर वाढलेल्या आढळतात. खोल समुद्रातील जीवांना प्रयोगशाळेतील दाब, तापमान आणि अन्नाची विपुलता ही तिन्ही परकी असतात.

१९६८ मध्ये 'अॅल्विन' ही अमेरिकी पाणबुडी अटलांटिकमध्ये सुमारे १,५०० मीटर खोल बुडाली. चालकदल बचावले, शिदोरी आत राहिली. सुमारे दहा महिन्यांनी पाणबुडी वर काढली तेव्हा सँडविच व सफरचंदे आश्चर्यकारकरीत्या सुस्थितीत होती. खोलवर सेंद्रिय पदार्थांचे विघटन अत्यंत मंद गतीने होते, असे होल्गर यानाश व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रतिपादन केले. मंद म्हणजे शून्य नव्हे. हा भेद अध्यापनात अनेकदा निसटतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

जनुकांद्वारे ओळख :
कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधील आरएनएच्या तुलनेवरून आर्किया हा जिवाणूंहून वेगळा गट असल्याचे दाखविले. त्यामुळे जीव न वाढविताही त्याची ओळख पटविणे शक्य झाले. हवाईजवळील पॅसिफिकमध्ये १,००० मीटरखाली सूक्ष्म पेशींपैकी एक तृतीयांशाहून अधिक पेशी आर्कियाच्या आहेत, असे २००१ मध्ये दिसून आले. या गटाचा पहिला प्रतिनिधी शुद्ध स्वरूपात वाढविण्यात यश आले ते २००५ मध्ये, आणि तोही सिॲटलच्या मत्स्यालयाच्या टाकीतून मिळालेला! अमोनियाच्या ऑक्सिडीकरणावर तो जगतो. प्रकाशाची त्यास गरज नाही.

२००६ मध्ये मिचेल सॉगिन व सहकाऱ्यांनी उत्तर अटलांटिकचे खोल पाणी व पॅसिफिकमधील उष्ण झरे येथील नमुने तपासले. मोजके प्रकार विपुल संख्येने, तर हजारो प्रकार अत्यल्प संख्येने, असे चित्र समोर आले. या अल्पसंख्य जीवांच्या समूहास 'विरळ जीवावरण' म्हटले गेले. त्यांतील काही प्रकार केवळ क्रमवाचनातील चुकांमुळे भासले होते, हे पुढे स्पष्ट झाले. तरी मूळ निरीक्षण टिकून आहे.

जनुकीय ओळख पटली म्हणजे जीव कळला, असेही नव्हे. ग्रीनलंड व नॉर्वे यांच्या दरम्यानच्या 'लोकीज कॅसल' या उष्ण झऱ्यांच्या परिसरातील गाळात, दृश्यकेंद्रकी पेशींशी जवळचे नाते सांगणाऱ्या आर्कियांचे जनुक २०१५ मध्ये आढळले. त्यांचा एक आप्त जपानी संशोधकांनी जपाननजीकच्या २,५३३ मीटर खोलीवरील गाळातून वाढविला. त्यास सुमारे बारा वर्षे लागली आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पेशींतून लांब, शाखायुक्त तंतू निघतात, हे केवळ जनुकांवरून कळले नसते.

खाणकामाचा प्रश्न :
हा विषय केवळ वर्गीकरणाचा नाही. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून हिंदी महासागराच्या तळावरील बहुधातू गाठी प्रथम वर काढल्या. मध्य हिंदी महासागरात अशा गाठींच्या शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे आहे. मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेल्या या गाठी दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्याच वाढतात, आणि त्यांवर व भोवतालच्या गाळात सूक्ष्मजीवांचे समूह असतात. खाणकामापूर्वीचे सर्वेक्षण बशीवरील वसाहतींवर विसंबले, तर नष्ट काय झाले हे नंतर सांगताच येणार नाही. पेरूच्या किनाऱ्यापासून दूर सुमारे ४,१५० मीटर खोलीवर १९८९ मध्ये प्रयोगादाखल समुद्रतळ नांगरण्यात आला होता. सव्वीस वर्षांनंतरही त्या चरांतील सूक्ष्मजीवांची क्रियाशीलता लगतच्या अबाधित तळापेक्षा कमीच होती.